सात ऋषींची पेटी

साल दोन हजार बावीस. मे महिना. दोन वर्षं अडकून पडलेली लग्नं त्या उन्हाळ्यात एकदम सुटली होती. कोलशेतच्या खाडीकडच्या मैदानात मात्र रोज संध्याकाळी जी गर्दी जमायची, ती लग्नाची नव्हती.

साडेसात वाजले की बायका चटया घेऊन यायच्या. नव्या नवऱ्या हिरव्या चुड्यांसकट पुढे बसायच्या, सासवा त्यांच्या मागे. आठच्या सुमारास मैदानावरचे सगळे दिवे बंद व्हायचे. डास कानाशी गुणगुणायचे. मग माइकवर कमलेशचा आवाज यायचा. हा महाराजांचा पहिला शिष्य, पूर्वी लग्नांत डीजे लावायचा.

"शांतता राखा, माउल्यांनो! मोबाइल बंद. बॅटरी कोणी मारायची नाही, ऋषींना त्रास होतो. अत्रिनंदन महाराज येत आहेत!"

महाराज यायचे. भगवं रेशमी उपरणं, छातीपर्यंत दाढी, हातात लाकडी पेटी. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. बोलणं असं, की मधात बुडवलेली सुरी.

"उत्तरेला बघा. पतंग दिसतो? त्याच्या शेपटीत तीन तारे. मधला वसिष्ठ. त्याला बिलगून बारीकशी चांदणी आहे, ती अरुंधती. महापतिव्रता! करोडो वर्षं नवऱ्याची सावली सोडली नाही तिने. परदेशी शास्त्रज्ञ चक्रावलेत, मातांनो. त्यांना हे व्हायब्रेशन मोजता येत नाही. जिला अरुंधती दिसली, तिचं कुंकू अखंड. जिला नाही दिसली..." इथे महाराज थांबायचे. "तिचं कुंकू सहा महिन्यांचं पाहुणं."

अंधारात कोणीतरी बाई हुंदका द्यायची. महाराजांना तेच हवं असायचं.

दिसली म्हणून खोटं बोलायची सोय नव्हती. महाराज लगेच विचारायचे, "कोणत्या अंगाला? वर की खाली?" चुकली की बाजूला उभी राहायची. मग चमत्कार व्हायचा. पेटीत सात स्फटिक होते, पितळी कड्यात बसवलेले, प्रत्येकाला एकेका ऋषीचं नाव. महाराज त्या मुलीचा एक डोळा मिटायला लावायचे आणि दुसऱ्यापुढे एकेक स्फटिक धरायचे. तिसऱ्या-चौथ्या स्फटिकाला ती मुलगी किंचाळायची, "दिसली! महाराज, दिसली!" आणि अख्खं मैदान उठून उभं राहायचं. टाळ्या, शंख, आयाबायांचं रडणं.

स्फटिक काढला की चांदणी पुन्हा गायब. "दोष झाकला, गेला नाही," महाराज सांगायचे. तो मुळापासून घालवायचा, तर मठात राहून अनुष्ठान. मठ शहापूरच्या पुढे, डोंगरात. घरच्यांनी भेटायला यायचं नाही.

मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होते. कोपरीतल्या शाळेत मी भूगोल आणि विज्ञान शिकवलं. निवृत्तीला सोळा वर्षं झाली होती. असल्या मैदानांत मी जात नाही. पण एका दुपारी प्राची माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि उंबऱ्यातच रडायला लागली.

प्राची माझी विद्यार्थिनी. कल्याणजवळ विठ्ठलवाडीला राहते. तिची जागृती डोंबिवलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. कोलशेतच्या काळुरामशेठांच्या मयूरशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका द्यायला दोघी आल्या होत्या. जागृती दोन हजार आठ-नऊपासून चष्मा लावते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"बाई, लेन्स घालते ती आता," प्राची तेव्हा घाईघाईने म्हणाली होती. "त्यांना सांगितलं नाही आम्ही. चष्म्याच्या मुलीला नाही म्हणतात हो लोक. आधीची दोन स्थळं त्याच्यावरूनच गेली."

आता ती खुर्चीच्या टोकावर बसून सगळं सांगत होती. आगरी लग्नातली हळद म्हणजे काही कपाळाला बोट लावणं नव्हे. नवरीला हळदीत बुडवतात. कोणाचा तरी हात डोळ्यांत गेला, सकाळी दोन्ही डोळे लालभडक. लेन्स घालायची सोय उरली नाही आणि चष्मा लावायची हिंमत नव्हती. जागृती धुरकट दिसत असतानाच बोहल्यावर उभी राहिली. संध्याकाळी काळुरामशेठांचे मानाचे पाहुणे आले, अत्रिनंदन महाराज.

"सगळ्यांसमोर उभी केली हो पोरीला. कोणत्या अंगाला, म्हणाले. ही बोलली, डावीकडे. चुकलं. शेठ जागच्या जागी पांढरे पडले. एकच मुलगा ना त्यांना. दुसऱ्या दिवशी गाडीत घालून आमच्याकडे आणून सोडली. मयूरला फोन करायची पण बंदी. आता शनिवारी मैदानात तिची शुद्धी आहे, आणि तिथूनच परस्पर मठात नेणार."

"किती दिवस?"

"दोष जाईपर्यंत."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मग काय करू? चष्म्याचं सांगितलं तर बोलतील फसवलं. कायमची परत पाठवतील. बाई, शाप निघतो तरी. फसवणूक निघत नाही."

मला तिचा राग आला नाही. मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं, आणि ते छप्पन्न वर्षांपूर्वीचं होतं.

माझी थोरली बहीण रंगूताई. एकोणीसशे सहासष्टमध्ये कोपरीत आमच्या चाळीच्या अंगणात तिचं लग्न झालं. अंगणात पेट्रोमॅक्स होता, शेजारच्या बिऱ्हाडांतून आणलेल्या पितळी समया होत्या, आणि ताईच्या अंगावर आईची अंजिरी पैठणी. नवरा गुणाजी, गिरणीत कामाला, उंच आणि लाजरा. भटजींनी वर बोट दाखवलं, "अरुंधती बघा." सगळ्या नवऱ्या म्हणतात, दिसली. माझ्या बहिणीला खोटं येत नसे. ती म्हणाली, "मला नाही दिसत." बायका हसल्या. भटजी म्हणाले, "असू दे, असू दे."

पावसाळ्यात गुणाजींना कावीळ झाली. त्यांच्या आईने मांत्रिकाकडून माळ आणली. माळ लांबली की कावीळ उतरते, म्हणे. माळ लांबत गेली आणि माणूस पिवळा पडत गेला. डॉक्टरकडे नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. तेराव्याला सासूने सगळ्यांदेखत सांगितलं, "हिने अरुंधती पाहिली नव्हती." मांत्रिकाला कोणी काही विचारलं नाही. तो तेराव्याला जेवायला होता.

रंगूताई परत आली ती आमच्या स्वयंपाकघरात. एकविसाव्या वर्षी. पुढे कोणाच्या हळदीला नाही, डोहाळजेवणाला नाही, बारशाला नाही. चाळिशीत बसवरची पाटी वाचता येईना म्हणून मी तिला डोळे तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, लांबचा नंबर आहे, लहानपणापासूनचा. चष्मा आला त्या आठवड्यात ती गच्चीत गेली. बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "दिसते गं. एवढीशीच आहे."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती गेली तेव्हा मांत्रिकही केव्हाच मेला होता, सासूही. माझ्या रागाला जायला जागा उरली नव्हती. छप्पन्न वर्षं तो मी सांभाळला होता, आणि आता तेच वाक्य बोलणारा एक जिवंत माणूस कोलशेतच्या मैदानात रोज आठ वाजता मला सापडणार होता. खरं सांगते, प्राची रडत होती आणि मला आनंद झाला होता.

"शनिवारी मी येते," मी म्हटलं. "जागृतीला सांग, चष्मा पर्समध्ये ठेव."

"बाई, चष्म्याचं नका ना काढू..."

"मी नाही काढणार. काढायचा की नाही ते ती ठरवेल."

शनिवारच्या आधी एकदा मी गुपचूप मैदानात जाऊन मागे बसून आले. महाराज एका मुलीपुढे स्फटिक धरत होते, "मरीचीने बरं दिसतं, की अंगिरसाने? आता? पुन्हा बघा, आधीचं बरं, की हे?" आजूबाजूला लोक हात जोडून बसले होते आणि मला तोंडात पदर कोंबावा लागला. चष्म्याच्या दुकानात दर दोन वर्षांनी हेच तर विचारतात! हे बरं की ते बरं? आता खालची ओळ वाचा. त्या डोंबलाच्या ऋषींचे नंबर होते, उणे अर्ध्यापासून उणे चारपर्यंत. ज्या मुलीला ज्या नंबरची काच लागायची, त्या ऋषीतून तिला चांदणी दिसायची. मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला कुठल्याच काचेने दिसायचं नाही, मग "पूर्वजन्मीचं पाप जड आहे" म्हणायचं. दुकान चोख होतं.

निघताना मयूरला गाठून, मी जागृतीच्या आईची शाळेतली बाई, अशी ओळख सांगितली. बापाचा आज्ञाधारक मुलगा, दिव्यांची आणि मंडपाची व्यवस्था त्याच्याकडेच होती. लग्नाला दोनच आठवडे झाले होते आणि पोरगा पार सुकला होता.

"बाई, मी बोललेलो पप्पांना, मला नाही भीती वाटत मरायची. ते ऐकतच नाहीत. बोलतात, तुला काय कळतं."

"तुला जागृती हवी आहे का?"

"म्हणजे काय!"

"मग शनिवारी दिव्यांच्या बटणापाशी उभा राहा. मी ‘उजेड’ म्हटलं की सगळे दिवे लाव. बाप ओरडला तरी हात काढायचा नाही."

त्याने मान हलवली. खरोखर लावेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

शनिवारी मैदान गर्दीने ओसंडत होतं. काळुरामशेठ पहिल्या रांगेत, गळ्यात जाड साखळी, चेहरा उतरलेला. शेजारी त्यांची आई बायजाबाई, ऐंशीच्या पुढची, काठीवर हनुवटी टेकून. बाजूला प्राची, आणि तिच्याजवळ पांढऱ्या साडीत जागृती. पांढरी साडी नेसायला महाराजांनीच सांगितलं होतं. लग्नाला महिना न झालेल्या मुलीला! मठाची गाडी व्यासपीठामागे तयार उभी होती.

दिवे गेले. कमलेश माइकवर म्हणाला, "शुद्धीच्या आधी कोणाला दर्शन घ्यायचंय?"

मी उठले. "मला."

"या, आई, या!" महाराजांनी हात धरून मला वर घेतलं. "वय झालं तरी श्रद्धा बघा! आई, उत्तरेला बघा. वसिष्ठ दिसतो?"

"दिसतो."

"आणि अरुंधती?"

"दिसते की. उजव्या अंगाला, किंचित खाली."

गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली. माझा मोतीबिंदू निघून दोन वर्षं झाली होती. आत बसवलेल्या भिंगाने मला लांबचं लख्ख दिसतं. महाराजांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"धन्य! मग स्फटिकाची गरज नाही, आई."

"असं कसं, महाराज? एवढ्या लांबून आले. सातही ऋषींचं दर्शन द्या. नुसत्या डोळ्यांनी एवढी दिसते, तर स्फटिकातून किती मोठी दिसेल!"

गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "द्या, महाराज, आजीला द्या." महाराजांनी पेटी उघडली. मरीची धरला.

"जरा पुसट झाली हो."

अत्री. अंगिरा.

"आता तर नीट दिसेचना."

"मन एकाग्र करा, आई."

"करते. पुढचा द्या." पुलस्त्य. पुलह. क्रतू. "गेली, महाराज! अरुंधती गेली! वसिष्ठ पण फुटल्यासारखा दिसतोय."

महाराजांचा आवाज पहिल्यांदा घसरला. "आई, तुमचं काहीतरी..."

मी मुद्दाम माइककडे तोंड करून ओरडले, "उघड्या डोळ्यांना दिसत होती, तुमच्या स्फटिकाने घालवलीत! आता माझं कुंकू जाणार का? पण माझे तर पंधरा वर्षांपूर्वीच गेले. मग सहा महिन्यांत जाणार कोण, शेजारचे?"

मागे पोरं फिसकन हसली. मग बायका. हसू हा असल्या माणसाचा सगळ्यात मोठा वैरी. पेटीतला सातवा, वसिष्ठाचा स्फटिक मी स्वतःच उचलला. महाराजांनी तो ओढायला हात पुढे केला. मी मूठ मिटली आणि म्हटलं, "उजेड!"

काही झालं नाही. अंधारच. मग काळुरामशेठांचा आवाज ऐकू आला, "मयूर! हात नको लावू, सांगतो तुला!" आणि त्याच क्षणी सगळं मैदान दिव्यांनी पांढरं झालं.

कमलेश धावत आला. पुढच्या रांगेतल्या बायका उठून मध्ये उभ्या राहिल्या. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण माझ्या वयाच्या बाईच्या अंगावर कोणी धावून गेलेलं त्यांना चाललं नाही. मी मैदानात वाटलेलं महाराजांचंच पत्रक घेतलं, त्यावर त्यांचा भला मोठा फोटो होता. त्याच्यावर वसिष्ठाचा स्फटिक धरला आणि पहिल्या रांगेत फिरवला.

"बघा गं. महाराज केवढे दिसतात?"

"बारके झाले!"

"लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यातून सगळं असंच बारकं दिसतं. ज्यांच्याकडे असा चष्मा आहे त्यांनी तो पत्रकावर धरून बघा."

वीस-पंचवीस चष्मे निघाले. पत्रकं हातोहात फिरली. "सेम टु सेम!" कोणीतरी ओरडलं. "अरे, हा तर माझ्या नंबरचाच!"

"ही चार्वाकाची औलाद!" महाराज गरजले. "धर्मावर काच फेकते! पापिणी, तुझी जीभ..."

"जिभेचं नंतर बघू," मी म्हटलं. "मयूर, दिवे घालव. आता ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांनी तो काढा. बाप्यांनी पण! आणि वसिष्ठाशेजारी बघा. दिसते?"

"नाय!" "नाही दिसत." "वसिष्ठच दिसेना!"

"पंचायत झाली. तुम्ही सगळे आता सहा महिन्यांचे सोबती. चष्मे लावा."

एकेक आवाज यायला लागला. "दिसली." "हां, ती बघ." "आयला, खरंच आहे की!"

"सुटलात," मी म्हटलं. "एकाही अनुष्ठानाशिवाय मरण टळलं."

तेवढ्यात पांढरी साडी उठून उभी राहिली. प्राचीने तिचा पदर धरला होता. तो सोडवून जागृती व्यासपीठापाशी आली. पर्समधून चष्मा काढला, लावला आणि वर पाहिलं. "उजवीकडे," ती म्हणाली. आवाज माइकवर स्वच्छ आला. "जरा खाली. मला उणे अडीचचा नंबर आहे. शाळेपासून. लग्नाच्या दिवशी हळदीने डोळे आले होते, म्हणून दिसलं नाही. मी कोणाला मारायला आलेली नाही."

काळुरामशेठ ताडकन उठले. "म्हणजे चष्मा हाय पोरीला? आमच्यापासून लपवलात? फसवलंत आम्हाला?"

प्राचीने तोंड झाकून घेतलं. तिला ज्याची भीती होती, तेच झालं होतं. महाराजांना पकडायची युक्ती माझ्याकडे होती, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

उत्तर बायजाबाईंनी दिलं. काठी आपटून त्या म्हणाल्या, "कालू, गप बस! तुजा बापूस एका कानानं बहिरा व्हता. मना लगीन झाल्यावर समजला. जल्म गेला माजा वरडन्यात! मी गेली का कवा माहेराला, मना फसवला म्हनून? पोरीला डोले हायत, त्याला काच लागतं, एवराच ना?"

मैदान हसून लोटपोट झालं. काळुरामशेठ खाली बसले.

महाराजांनी शेवटचा हात मारला. "चष्म्यातून पाहिलेली अरुंधती शास्त्रात धरत नाहीत!"

"आणि तुमच्या काचेतून पाहिलेली धरतात?"

मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. मी माइक कमलेशच्या हातातून घेतला.

"आता महाराजांच्या शास्त्रज्ञांचं ऐका. हा वसिष्ठ एकटा नाही. साध्या दुर्बिणीतून तो दोन दिसतो. त्या दोघांतला प्रत्येक जण पुन्हा जोडी आहे. म्हणजे चार. अरुंधती पण एकटी नाही, तिच्याजवळ एक अंधूक सोबती आहे. असे एकूण सहा तारे. उघड्या डोळ्यांना दिसतात फक्त दोन. बाकीचे चार तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसत नाहीत, महाराजांच्या सातही ऋषींना दिसत नाहीत. ते न दिसल्यामुळे आजवर कोणाचं कुंकू गेलं? जो प्रकाश आत्ता तुमच्या डोळ्यांत येतोय, तो तिथून ऐंशीएक वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा मीसुद्धा जन्मले नव्हते. त्याला मयूरचं नाव कसं माहीत असेल? कावीळ माणसाला मारते. अपघात मारतो. वेळेवर डॉक्टरकडे न नेणारे घरचे मारतात. तारा कोणाला मारत नाही."

शेवटची वाक्यं मी कोणासाठी बोलत होते, ते तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

मयूरने दिवे लावले, तर महाराज उपरणं सावरत गाडीकडे सरकायला लागले होते. पेटी घ्यायला वळले, तर ती माझ्या मांडीवर होती. मी व्यासपीठावर मांडी घालून बसले होते.

"आई, पेटी द्या," ते हळूच म्हणाले. मधातली सुरी गेली होती, नुसता घाबरलेला माणूस होता. "पोटासाठी करतो हो. तुमच्या मुलासारखा आहे मी."

"माझा मुलगा असतास तर आतापर्यंत मीच पोलिसांना बोलावलं असतं."

"आई, दया करा."

दया करण्याचं वय होतं माझं. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मी आत शोधून पाहिलं. नव्हती.

गर्दीतल्या कोणीतरी पोलिसांना फोन केला होता. ते येईपर्यंत मयूरने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती आणि जागृतीने माझ्या खांद्यावर हात. ती रडत नव्हती.

पुढे चौकशीत कळलं, अत्रिनंदन महाराज म्हणजे सहदेव नावाचा माणूस. कुठल्याशा चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला बसायचा. काचांची पेटी घेऊन तिथून निघाला तो थेट ऋषींकडे गेला. शहापूरच्या मठात आणखी चार मुली सापडल्या. त्यांच्याकडून भांडी, शेण, पाणी असली कामं करून घेत होते. चौघींनाही लांबचा नंबर होता. एकीचा नवरा तर तिला परत न्यायला तयारच नव्हता, दोष पूर्ण जायचा होता म्हणून.

त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. जामिनावर सुटलाय, दाढी काढलीय. प्रत्येक तारखेला मी कोर्टात जाते, पुढच्या बाकावर बसते. तो माझ्याकडे बघत नाही. वकील म्हणाले, "आजी, तुम्हाला येण्याची गरज नाही." मी म्हटलं, गरज नाही, हौस आहे.

कमलेश पुन्हा लग्नांत डीजे लावतो. काळुरामशेठ मला रस्त्यात पाहिलं की दुसऱ्या फुटपाथवर जातात. महाराजांना सभांसाठी दिलेली ती खाडीकाठची मैदानाची जागा त्यांनी परत कुंपण घालून घेतली. बायजाबाई दोन वर्षांनी झोपेत गेल्या. आदल्या दिवशी नातसुनेकडून मोबाइलवर आगरी लग्नातली धवलगीतं ऐकत होत्या, असं जागृती सांगते. प्राची आता स्वतः चष्मा लावते. निघाला एक नंबर तिलाही, वर्षानुवर्षांचा.

जागृती लगेच सासरी गेली नाही. तीन महिने तिने मयूरला विठ्ठलवाडीला खेपा घालायला लावल्या. मग दोघांनी डोंबिवलीत बिऱ्हाड केलं. सहा महिने उलटून गेले, वर्षं उलटली. मयूरचं वजन तेवढं वाढलंय. त्यांच्या मुलीला बालवाडीतच चष्मा लागला, गुलाबी दांड्यांचा. तो लावून ती फोटो काढून घेते.

मठातल्या ज्या मुलीला नवऱ्याने परत नेलं नाही, ती परिचारिकेचं शिक्षण घेतेय. नवरा दोनदा न्यायला आला. ती गेली नाही. ते ऐकलं त्या दिवशी मी शिरा केला.

माझ्या वयाच्या बायांना आणि त्यांच्या मुलांना एवढंच सांगायचं आहे. लग्नात वर बघायचं तर जरूर बघा, ती चांदणी सुंदर आहे. दिसली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मुलीला चष्मा असेल तर पहिल्याच दिवशी चष्म्यासकट दाखवा. जो नको म्हणेल, त्याला चहाही देऊ नका. माणूस आजारी पडला तर दवाखाना गाठा, आणि मेला तर त्याच्या बायकोकडे बोट दाखवण्याआधी विचारा, की औषध द्यायला उशीर कोणी केला. ज्याचा चमत्कार फक्त अंधारात होतो, त्याला दिवा लावायला सांगा. लावू दिला नाही, तर तुम्हीच लावा. आणि तो पळायला लागला तर दार अडवा. माफ करायची घाई करू नका.